पाऊण टन की एक टन : ‘फरक फक्त स्टिकरचा’ या मताचा प्रतिवाद

अमेरिकेत आणि कॅनडात जड कामाचे पिकअप ट्रक मुख्यतः दोन वजनगटांत विकले जातात. पहिल्या गटाला रूढ भाषेत ‘पाऊण टनी’ म्हणतात. त्यात फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरोले सिल्व्हराडो २५०० एचडी आणि तिचे भावंड जीएमसी सिएरा २५०० एचडी येतात. दुसरा गट ‘एक टनी’ : एफ-३५०, रॅम ३५००, सिल्व्हराडो आणि सिएरा ३५०० एचडी. दोन्ही गटांतल्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या केल्या तर नावाची पट्टी वाचल्याशिवाय त्या ओळखू येत नाहीत. केबिन एकच, हौदा एकच, बहुतेकदा इंजिनही एकच. या सारखेपणातूनच एक मत घट्ट झाले आहे : पाऊण टनी ट्रक घ्या, तो सगळे ओढतो, एक टनी ट्रकशी त्याचा फरक फक्त दारावरच्या स्टिकरचा आहे. हे मत विक्रेत्यांच्या तोंडी असते, ट्रेलर विकणाऱ्यांच्या तोंडी असते आणि वर्षानुवर्षे ट्रेलर ओढणारे अनुभवी लोकही ते सांगतात. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते जास्त धोकादायक आहे. डिझेल इंजिन आणि हौद्यावर टेकणारा मोठा ट्रेलर अशी जोडी जमवणाऱ्या माणसाला हा सल्ला थेट चुकीचा ट्रक घ्यायला लावतो.

मुळात ही नावे जुनी आहेत आणि त्यांचा आजच्या वजनांशी संबंध उरलेला नाही. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. अर्धा टन म्हणजे १,००० पौंड, पाऊण टन म्हणजे १,५०० आणि एक टन म्हणजे २,००० पौंड माल, असा मूळ हिशेब होता. फोर्डने १९४८ मध्ये एफ-१, एफ-२, एफ-३ अशी मालिका आणली आणि १९५३ मध्ये तिची नावे बदलून एफ-१००, एफ-२५० आणि एफ-३५० केली. आजचा साधा अर्धा टनी ट्रकसुद्धा १,००० पौंडांपेक्षा बराच जास्त माल घेतो. तेव्हा ‘पाऊण टन’ हा शब्द ऐकून क्षमतेचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

खरी विभागणी सरकारी वर्गवारीत आहे आणि ती ‘कमाल एकूण वजन’ या आकड्यावर चालते. गाडी, इंधन, माणसे, माल आणि ट्रेलरचा गाडीवर पडणारा भार मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन असावे, हे उत्पादक ठरवतो आणि दाराच्या चौकटीवर छापतो. ६,००१ ते १०,००० पौंड हा दुसरा वर्ग. त्यातला ८,५०१ ते १०,००० हा वरचा तुकडा ‘२ ब’ म्हणून ओळखला जातो. १०,००१ ते १४,००० पौंड हा तिसरा वर्ग. पाऊण टनी ट्रक परंपरेने ‘२ ब’ मध्ये बसवले गेले, म्हणून त्यांच्या दारावर १०,००० पौंड हा गोल आकडा वारंवार दिसतो. एक टनी ट्रक तिसऱ्या वर्गात येतात. मागे दोनच चाके असलेले एक टनी ट्रक साधारण ११,००० ते १२,००० पौंडांच्या आसपास असतात आणि मागे चार चाके असलेले १४,००० पर्यंत जातात. नाव आणि वर्ग यांची सांगडही आता पक्की राहिलेली नाही : शेवरोले-जीएमसीच्या २०२० पासूनच्या २५०० एचडीचे बरेच नमुने १०,००० च्या पुढे गेले आहेत आणि फोर्डही एफ-२५० वर १०,००० पेक्षा जास्तीचा पर्याय देते. म्हणून पुढच्या विवेचनात ‘पाऊण टनी’ म्हणजे १०,००० पौंडांची गाडी असे धरले आहे. वाद मुख्यतः तिच्याबद्दलच आहे.

विरोधी मताचा पहिला आधार म्हणजे ओढण्याची क्षमता. माहितीपत्रकात पाऊण टनी डिझेल ट्रकसमोर १५,००० ते २०,००० पौंड आणि काहींपुढे त्याहून जास्त असा ओढण्याचा आकडा असतो. ग्राहकाला हवा असलेला ट्रेलर भरून १३,००० पौंडांचा आहे. वीस हजार ओढणाऱ्या गाडीला तेरा हजारांचे काय ओझे, असे म्हणून सौदा होतो.

हा युक्तिवाद चुकीच्या आकड्यावर उभा आहे. ओढण्याची क्षमता आणि अंगावर घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जड ट्रेलरच्या बाबतीत जवळजवळ नेहमी दुसरी आधी संपते. ओढण्याचा आकडा ज्या प्रमाणित चाचणीतून येतो तिचे नाव एसएई जे२८०७. तिचा प्रसिद्ध भाग ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटात घडतो. नेवाडाच्या सीमेवरच्या बुलहेड सिटीजवळून निघून सुमारे अकरा-बारा मैलांत रस्ता जवळपास ३,००० फूट चढतो. वाळवंटी उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे दोन चाके असलेल्या गाडीने ताशी ४० मैलांखाली न जाता तो चढायचा असतो. ही चाचणी इंजिन, गिअरबॉक्स आणि थंडावा देणारी यंत्रणा यांची खरी परीक्षा घेते आणि त्या अर्थाने ती उत्तम आहे. पण तिच्यात गाडीत १५०-१५० पौंडांची दोनच माणसे गृहीत धरतात आणि हौद्यावर टेकणाऱ्या ट्रेलरचा १५ टक्केच भार गाडीवर पडतो असे मानतात. सुट्टीवर निघालेले कुटुंब असे नसते आणि राहण्याचे मोठे ट्रेलर तर मुळीच असे नसतात.

हौद्यातल्या जोडावर टेकणाऱ्या ट्रेलरला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. त्याचा पुढचा भाग उंच उचललेला असतो, त्यात बहुधा झोपण्याची खोली असते आणि तिच्याखाली सामानाचा मोठा कप्पा. त्याची जड पिन थेट मागच्या ॲक्सलच्या माथ्यावर किंवा किंचित पुढे बसते. या पिनवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असू शकतो आणि राहण्याच्या ट्रेलरसाठी २० टक्के धरणे शहाणपणाचे. ट्रेलर विकणारा मात्र पिनचा जो भार सांगतो तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात पाणी नाही, गॅसच्या भरलेल्या टाक्या नाहीत, पुढच्या कप्प्यात ठेवलेला जनरेटर नाही, जादा बॅटऱ्या नाहीत. पाण्याचा एक अमेरिकी गॅलन ८.३४ पौंडांचा असतो. ४५ गॅलनची टाकी भरली की ३७५ पौंड वाढले आणि टाकी पुढच्या बाजूला असेल तर त्यातला बराच भाग पिनवर येतो. बिगर-फिफ्थ-व्हील, म्हणजे मागच्या बंपरखालच्या हिचला जोडायच्या ट्रेलरचा भार १० ते १५ टक्केच असतो. दोन्ही प्रकारांतल्या या फरकाकडे दुर्लक्ष केले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता एक हिशेब पूर्ण मांडून पाहू. चार दारांची, चारही चाकांना ताकद देणारी, डिझेल इंजिनाची पाऊण टनी गाडी घ्या. इंधनाची टाकी भरून, माणसांशिवाय तिचे वजन ७,८०० पौंड धरले तर ते अतिशयोक्तीचे होत नाही. कमाल एकूण वजन १०,०००. म्हणजे माणसे, सामान, हिच आणि पिन या सगळ्यांसाठी २,२०० पौंड उरले. १३,००० पौंडांच्या ट्रेलरचा २० टक्के भार २,६०० होतो. नुसत्या पिननेच मर्यादा चारशे पौंडांनी ओलांडली आणि अजून कोणी गाडीत बसलेलेही नाही. हौद्यात बसवलेली हिच १५० पौंड, दोन मोठी माणसे, एक मूल, कुत्रा आणि हत्यारांची पेटी मिळून ४५० पौंड धरा. एकूण ३,२००. गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १,००० पौंडांनी जड झाली आणि तरीही ओढण्याच्या आकड्याच्या कितीतरी आत आहे. हाच भार एक टनी, मागे दोन चाकांच्या, १२,००० पौंडांच्या गाडीवर टाकला तर तिचे रिकामे वजन १५०-२०० पौंड जास्त धरूनही सुमारे ४,००० पौंड जागा मिळते. ३,२०० पौंड त्यात आरामात बसतात.

डिझेल इंजिनाच्या वजनाकडे कोणी बघत नाही, हे यातले सर्वांत खेदाचे. तेच ट्रक पेट्रोल इंजिनासह घेतले तर कित्येक शे पौंडांनी हलके भरतात आणि कमाल एकूण वजन तेच असल्यामुळे तेवढीच जागा मालासाठी वाढते. म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनासाठी हजारो डॉलर जास्त मोजून ग्राहक कमी भार घेणारी गाडी विकत घेतो. त्यावर चामड्याच्या जागा, काचेचे छत, विजेवर सरकणाऱ्या पायऱ्या अशी सजावट चढवली की उरलेली जागाही आक्रसते. माहितीपत्रकातला भारक्षमतेचा मोठा आकडा दोन दारांच्या, मागच्याच चाकांना ताकद देणाऱ्या, पेट्रोलच्या, बिनसजावटीच्या गाडीचा असतो. ती गाडी ग्राहक घेत नाही. त्याच्या गाडीचा आकडा तिच्याच दारावर असतो आणि तिथे वाकून बघणारे फार थोडे.

दारावर वाचायचे काय, हेही नीट सांगितले जात नाही. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक पांढरे लेबल असते. त्यावर उत्पादनाचा महिना, कमाल एकूण वजन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा, टायरचा आकार आणि हवेचा दाब छापलेला असतो. १०,००० पौंड किंवा त्याखालच्या गाड्यांना याखेरीज पिवळ्या पट्ट्याचे आणखी एक लेबल कायद्याने सक्तीचे आहे. माणसे आणि माल मिळून इतक्या पौंडांच्या वर कधीही जाऊ नये, असे एकच वाक्य त्या विशिष्ट गाडीच्या आकड्यासह त्यावर असते. या वादातली सर्वांत उपयुक्त ओळ हीच. १०,००० च्या वरच्या गाड्यांना हे दुसरे लेबल सक्तीचे नाही. म्हणून एक टनी ट्रकचा ग्राहक पांढऱ्या लेबलावरच्या आकड्यातून काट्यावर मिळालेले रिकाम्या गाडीचे वजन वजा करून आपली भारक्षमता काढतो.

इथे विरोधी मत आपला सर्वांत बळकट मुद्दा पुढे करते आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. मुद्दा असा : पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज १०,००० पेक्षा बरीच जास्त येते. वरच्या उदाहरणात ३,२०० पौंडांतला बहुतेक भार मागे पडला तरी मागचा ॲक्सल सहा हजारांच्या थोडा वरच राहतो आणि त्याची मर्यादा बहुधा त्याहून जास्त असते. एलटी२७५/७०आर१८ आकाराचा ‘ई’ श्रेणीचा एक टायर पूर्ण दाबावर ३,६४० पौंड तोलतो, दोन मिळून ७,२८०. टायर ठीक, ॲक्सल ठीक. मग १०,००० हा आकडा आला कुठून? तो वर्गवारीतून आला, पोलादातून नाही. फोर्डच्या बाबतीत तर याचा पुरावाच आहे. एफ-२५० आणि मागे दोन चाकांची एफ-३५० यांत फरक मुख्यतः मागच्या स्प्रिंगांचा आणि त्यांच्याखालच्या ठोकळ्यांच्या उंचीचा. शिवाय फोर्ड स्वतःच एफ-३५० चे कमाल एकूण वजन कागदावर १०,००० पर्यंत खाली आणून देते. तीच गाडी, दोन वेगळे आकडे.

हे खरे आहे. कायद्याच्या रेषेजवळ आकडे गोळा होतात, ही अमेरिकी ट्रकांची जुनी खोड आहे. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१५० आणली ती ६,००० पौंडांच्या वरची, कारण त्या मर्यादेखालच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेरहित पेट्रोल लागत होते. भारतीय वाचकालाही हे नवे नाही : हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. कायद्यातली रेषा कुठे आहे यावर गाडीचा घाट ठरतो.

पण या कबुलीतून विरोधी मताला हवा तो निष्कर्ष निघत नाही. काही गाड्यांवर १०,००० हा आकडा कायद्यापुरता खाली ठेवलेला असेल, तर जिचा आकडा खाली ठेवलेला नाही ती गाडी घ्यावी, हा त्याचा सरळ अर्थ. ती शेजारीच उभी असते. आकडा खोटा आहे असे मानून तो मोडायचा आणि हजार पौंड जास्त लादून कुटुंबाला घाटातून न्यायचे, हा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय कुठल्या गाडीचा आकडा कागदी आहे आणि कुठल्या गाडीचा यांत्रिक, हे बाहेरून कळत नाही. फोर्डचे उदाहरण दाखवून रॅमबद्दल बोलणारे तर उघड चूक करतात. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंगा आहेत आणि ३५०० ला पाटे. ही दोन वेगळी निलंबने आहेत. पहिले रिकाम्या गाडीच्या सुखासाठी, दुसरे भारासाठी. २०१३ पासून पुढे बरीच वर्षे रॅमने कमिन्स इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती आणि तिला जोडलेला आयसिनचा गिअरबॉक्स फक्त ३५०० मध्येच दिला. इथे स्टिकरचा प्रश्नच नाही.

ॲक्सल आणि टायर पुरतात म्हणून गाडी पुरते, हे तर्कशास्त्रही अपुरे आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे टिकणे वेगळे आणि सगळी गाडी भरलेल्या अवस्थेत थांबणे, वळणे, आडव्या वाऱ्यात सरळ राहणे वेगळे. कमाल एकूण वजन हा या दुसऱ्या गोष्टीचा आकडा आहे : ब्रेक, चौकट, निलंबन आणि स्टिअरिंग मिळून गाडी किती वजनाला प्रमाणित झाली, ते तो सांगतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात हे खरे, पण ते विजेच्या जोडणीवर आणि त्यांच्या स्वतःच्या देखभालीवर अवलंबून असतात. ती जोडणी ज्या क्षणी निकामी होते त्या क्षणी सगळे ओझे ट्रकच्या ब्रेकवर येते.

पुढचा उपाय म्हणून हवेच्या पिशव्या सुचवल्या जातात. मागच्या स्प्रिंगांना मदत करणाऱ्या या रबरी पिशव्या काही शे डॉलरांत बसतात. त्यांत हवा भरली की खाली बसलेली गाडी पुन्हा समतल होते. समतल होणे चांगलेच : दिव्यांचा झोत वर जात नाही. परंतु कमाल एकूण वजन त्याने एका पौंडानेही वाढत नाही, आणि पिशव्या बनवणारे स्वतःच तसे लिहून देतात. गाडी खाली बसणे हे जादा भाराचे दिसणारे लक्षण होते. पिशव्यांनी ते लक्षण झाकले, भार तिथेच राहिला.

‘इतकी वर्षे ओढतोय, काही झाले नाही’ हा अनुभव या वादात निर्णायक म्हणून मांडला जातो. सपाट रस्त्यावर, चांगल्या हवेत, हलक्या पायाने चालवलेली जादा भाराची गाडी वर्षानुवर्षे चालते, यात शंका नाही. मर्यादा त्या दिवसांसाठी आखलेल्या नसतात. कोलोरॅडोतल्या आयझनहॉवर बोगद्यातून डेन्व्हरकडे उतरताना समोरचा ट्रक अचानक थांबतो, वायोमिंगच्या आय-८० वर बाजूने वाऱ्याचा झोत येतो, मागचा टायर वळणावर फुटतो. त्या वेळी हाताशी किती राखीव ताकद होती, हे मागच्या शंभर निर्विघ्न प्रवासांवरून कळत नाही. आणि अपघातानंतर दुसऱ्या पक्षाचा वकील सर्वांत आधी दारावरचे लेबल आणि ट्रेलरचे वजन मागतो. स्टिकर नुसताच असतो म्हणणाऱ्यांना तो तिथे पुरावा म्हणून भेटतो.

कायद्याच्या बाजूने पाऊण टनी ट्रकची बाजू घेताना एक विधान हमखास येते : १०,००० च्या खाली राहिले की व्यावसायिक वाहनांचे नियम लागत नाहीत. खासगी वापराला ते नियम मुळातच लागत नाहीत, मग ट्रक एक टनी असो की पाऊण टनी. व्यवसायासाठी राज्याबाहेर जाणाऱ्याला संघराज्याचे नियम १०,००१ पौंडांपासून लागतात, पण तिथे ट्रक आणि ट्रेलर जोडीचे वजनही मोजतात. पाऊण टनी ट्रकमागे हलका ट्रेलर लावला तरी १०,००१ ची रेषा ओलांडली जातेच. तेव्हा हा फायदा फक्त ट्रेलरशिवाय काम करणाऱ्याचा.

तरीही या मुद्द्यात एक खरी जागा आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे ठरेल. जोडीचे कमाल वजन २६,००१ पौंड किंवा जास्त आणि त्यातला ट्रेलर १०,००० च्या वर, अशी स्थिती झाली की व्यवसायासाठी ‘अ’ वर्गाचा व्यावसायिक परवाना लागतो. १४,००० पौंडांचा ट्रेलर १०,००० च्या ट्रकमागे २४,००० होतो आणि परवाना लागत नाही. तोच ट्रेलर मागे चार चाकांच्या १४,००० च्या ट्रकमागे २८,००० होतो आणि लागतो. एखाद्या छोट्या कंत्राटदाराला, ज्याचे चालक साध्या परवान्यावर चालवतात, हा फरक धंद्याचा असतो. कॅलिफोर्नियात आणखी एक रेषा आहे : ११,५०० पौंड किंवा त्यावरची गाडी तिथल्या कायद्याच्या व्याख्येत ‘पिकअप’ राहतच नाही आणि तिच्या नोंदणीचा खर्च वेगळ्या पद्धतीने काढला जातो. अशा ग्राहकांसाठी कागदावर आकडा खाली आणलेली एफ-३५० उपयोगी पडते. पण त्यांनीही हे विसरू नये की कागदावर खाली आणलेला आकडाच त्यांची मर्यादा असतो.

एक टनी ट्रकविरुद्धचे उरलेले दोन आक्षेप लवकर निकालात निघतात. पहिला किमतीचा. एकाच सजावटीच्या, मागे दोन चाकांच्या दोन्ही गाड्यांत फरक सहसा हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास असतो. डिझेल आणि चांगल्या सजावटीचा ट्रक सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातो, तेव्हा या रकमेसाठी हजारो पौंडांची भारक्षमता सोडणे हिशेबात बसत नाही. दुसरा आक्षेप धक्क्यांचा. रिकामी एक टनी गाडी जास्त उसळते, असे म्हणतात. रॅमच्या बाबतीत कॉइल आणि पाटे हा फरक जाणवतो, ते मान्य. फोर्डमध्ये जादा भाराचे पाटे भार आल्यावरच टेकतात, त्यामुळे रिकाम्या चालीत फरक थोडा. दोन्हीकडे टायरमधली हवा रिकाम्या गाडीसाठी सुचवलेल्या दाबापर्यंत उतरवली, तर गटाच्या फरकापेक्षा जास्त आराम त्यातून मिळतो.

या वादात एक गोंधळ सतत होतो : एक टनी म्हणजे मागे चार चाकांची गाडी, असे समजून लोक तिला नकार देतात. मागे चार चाकांची गाडी, म्हणजे ‘ड्युअली’, मागून सुमारे आठ फूट रुंद असते. शहरातल्या पार्किंगमध्ये ती अडते, बऱ्याच धुलाई केंद्रांत आत शिरत नाही, बर्फात रिकामी असताना तिची पकड कमी पडते, टायर दोन जास्त लागतात आणि न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या पुलांवर मागची जोडचाके असलेल्या वाहनाचा टोल वेगळ्या वर्गात आकारला जातो. हे सगळे दोष ड्युअलीचे आहेत, एक टनी गटाचे नाहीत. मागे दोन चाकांचा एक टनी ट्रक रुंदीला पाऊण टनी ट्रकइतकाच असतो. ड्युअलीची गरज त्याच्याही पुढे लागते : १५-१६ हजार पौंडांच्या वरचे फिफ्थ व्हील, किंवा हौद्यातच बसवलेली सरकत्या भिंतींची राहण्याची खोली. पाणी-गॅस भरल्यावर अशी खोली तीन ते चार हजार पौंड भरते आणि तिचे सगळे वजन गाडीच्या अंगावरच असते. इथे ओढण्याच्या आकड्याचा काही संबंधच उरत नाही.

पाऊण टनी ट्रकची स्वतःची योग्य जागा मात्र मोठी आहे. १०,००० पौंडांचा, मागच्या हिचला जोडायचा ट्रेलर घ्या. साडेबारा टक्के भार म्हणजे १,२५०, हिच १००, माणसे आणि सामान ४५० धरले तर १,८०० होतात. वरची डिझेल गाडीसुद्धा हे २,२०० च्या आत पेलते आणि पेट्रोलची तर सहज पेलते. घोड्यांचा लहान ट्रेलर, बोट, बांधकामाची हत्यारे, शेतावरची रोजची कामे यांसाठी ती पुरेशी आहे. बर्फ ढकलण्याचे पाते लावणाऱ्यालाही एक टनी गट घेऊन फारसा लाभ नाही. त्याचे वजन पुढच्या ॲक्सलवर येते, म्हणून त्याने पुढच्या ॲक्सलची मर्यादा आणि उत्पादकाचा पात्यासाठीचा खास पर्याय पाहावा.

एक टनी ट्रक घेतला की हिशेब सुटला, असे मानणेही तितकेच चुकीचे. सजवलेला डिझेल एक टनी आणि १६,००० पौंडांचा ट्रेलर ही जोडी १२,००० ची मर्यादा तशीच ओलांडू शकते. याला एकच उपाय आहे आणि तो स्वस्त आहे : काटा करणे. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. लांब प्लॅटफॉर्म तीन तुकड्यांत असतो. ट्रकची पुढची चाके पहिल्या तुकड्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर घ्यायची, खांबावरचे बटण दाबून आत सांगायचे आणि पावती घ्यायची. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा तोलायचा. दोन पावत्यांतल्या ट्रकच्या वजनांचा फरक म्हणजे त्या ट्रेलरचा ट्रकवर पडणारा खरा भार. पहिल्या पावतीवरचे मागच्या ॲक्सलचे वजन पांढऱ्या लेबलाशी, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची बेरीज कमाल एकूण वजनाशी ताडून पाहायची. हे काम प्रवासाला निघतो तसे सगळे भरून करायचे : पाणी, गॅस, माणसे, कपडे, खाणे. मोटरसायकल वगैरे मागच्या भागात ठेवायच्या ट्रेलरसाठी ते दोनदा करावे लागते. मागचा भाग रिकामा असताना अशा ट्रेलरचा पिनवरचा भार कमी होण्याऐवजी वाढतो, आणि ही गोष्ट फार जण उशिरा शिकतात.

जुना ट्रक घेणाऱ्याने लेबलाबरोबर टायरही वाचले पाहिजेत. आधीच्या मालकाने दिसण्यासाठी मोठी चाके आणि कमी भारश्रेणीचे टायर चढवले असतील, तर लेबलावरचा मागच्या ॲक्सलचा आकडा त्या गाडीला लागू राहत नाही. १७ इंची चाकावरचा एलटी२४५/७५ ‘ई’ श्रेणीचा टायर ३,१९५ पौंडच तोलतो, म्हणजे मागच्या दोन चाकांना ६,३९०. लेबल सात हजारांचे असले तरी मर्यादा टायरांचीच. टायरच्या बाजूवर भारश्रेणीचे अक्षर आणि पौंडांतला आकडा छापलेला असतो. चाकाची स्वतःची मर्यादाही बहुधा त्याच्या आतल्या बाजूला कोरलेली असते आणि ती पाहण्यासाठी चाक काढावे लागले तरी काढून पाहावे.